खटल्याचा निवाडा शोधताना : शब्द कोणाचे वापरावेत?

उच्च न्यायालयाचा अथवा सर्वोच्च न्यायालयाचा एखादा निवाडा वाचावयाचा झाल्यास पूर्वी वकिलांच्या कचेरीत किंवा विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जावे लागत असे. १८९९ साली सुरू झालेल्या 'बॉम्बे लॉ रिपोर्टर'चे, नागपूरहून निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे जाडजूड बांधीव खंड तेथे ओळीने लावलेले असत आणि ते कपाट सर्वांसाठी उघडत नसे. आता ती स्थिती राहिलेली नाही. २००८ साली सुशांत सिन्हा ह्या संगणकतज्ज्ञाने सुरू केलेल्या 'इंडियन कानून' ह्या संकेतस्थळावर लाखो निवाडे वाचावयास मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अधिकृत अहवालांतील निवाडे 'ई-एससीआर' ह्या नावाने २ जानेवारी २०२३ रोजी विनामूल्य खुले केले, तेव्हा आरंभीच त्यांत सुमारे ३४ हजार निवाडे होते. उच्च न्यायालयांचे निवाडे ई-कोर्ट्सच्या निवाडा-शोध पानावर सापडतात.

कपाट उघडले ही मोठीच गोष्ट झाली. परंतु त्या कपाटापाशी पूर्वी एक माणूस असे, तो आता नाही. डायजेस्ट तयार करणारा संपादक निवाडा वाचून, त्यातील कायद्याचा मुद्दा ओळखून तो योग्य मथळ्याखाली लावीत असे. निवाड्याच्या माथ्यावर चार ओळींचे सार, ज्याला 'हेडनोट' म्हणतात, तेही तोच लिही. पक्षकाराने काय शब्द वापरला, न्यायाधीशांनी काय वापरला, ह्याचा मेळ घालण्याचे काम त्या अनामिक संपादकाने आधीच केलेले असे. शोधाच्या चौकटीत आपण शब्द टंकतो तेव्हा संगणक मूलतः अक्षरे जुळवितो. जो शब्द निवाड्यात नाही तो त्याला सापडत नाही, आणि जो शब्द सर्वत्र आहे तो त्याला सर्वत्र सापडतो. संपादकाचे काम आता आपल्या शिरावर आले आहे, आणि ते करावे कसे, एवढाच ह्या लेखाचा विषय.

आमचे म्हणणे असे की, शोध आपल्या शब्दांत करू नये. न्यायाधीश जे शब्द लिहितील त्या शब्दांत करावा. आणि तेवढ्यावर न थांबता विरुद्ध बाजूचा वकील जे शब्द वापरील त्या शब्दांतही करावा.

हे केवळ आमचे मत नाही. अमेरिकेत डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मेरन ह्या दोन अभ्यासकांनी १९८५ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. एका मोठ्या अपघाताच्या दाव्यातील सुमारे ४० हजार कागदपत्रे, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख पाने, संगणकात भरलेली होती. बचाव पक्षाचे वकील आपल्या साहाय्यकांकडून त्यांत शब्द देऊन शोध घेत. उपयोगी कागदांपैकी किमान ७५ टक्के आपल्याला मिळाले आहेत, अशी त्या वकिलांची खात्री होती. प्रत्यक्षात तपासून पाहता ते प्रमाण सुमारे २० टक्के निघाले. वकील अनुभवी होते आणि यंत्रही बिघडलेले नव्हते. गोम शब्दांत होती. ज्या घटनेला दावा करणारे 'अपघात' किंवा 'आपत्ती' म्हणत, तिला दुसऱ्या बाजूची माणसे आपल्या पत्रव्यवहारात 'घटना', 'दुर्दैवी परिस्थिती' असे काहीतरी सौम्य म्हणत. शब्द बोलणाऱ्याच्या बाजूप्रमाणे बदलतो. शासकीय पत्रांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. आपल्या घरातील माणूस ज्याला 'काढून टाकले' म्हणतो, त्याला कार्यालयीन टिप्पणीत 'सेवा समाप्त करण्यात आली' असे म्हटलेले असते.

आपल्याकडे ह्यात आणखी एक अडचण आहे ती भाषेची. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीतून चालते. तालुका न्यायालयात मराठीतून साक्ष झालेली असली तरी वरच्या न्यायालयाचा निवाडा इंग्रजीतच असावयाचा. अलीकडे काही निवाड्यांची मराठी भाषांतरे प्रसिद्ध होऊ लागली आहेत व ती अवश्य वाचावीत. पण शोध घ्यावयाचा तो मूळ इंग्रजी मजकुरातच. ह्या लेखात आम्ही शोधशब्द देवनागरीत दिले आहेत, ते संगणकावर इंग्रजी स्पेलिंगने टंकावयाचे आहेत, हे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. सफाई कामगार म्हणून निवृत्त झालेल्या एका भगिनीला तिच्या कार्यालयाचे पत्र आले. पत्रात म्हटले होते की, चौदा वर्षांपूर्वी वेतननिश्चिती चुकीची झाल्याने जादा अदा झालेली रक्कम उपदानातून वसूल करण्यात येत आहे. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी. त्या पैशातून घराचे पत्रे बदलावयाचे ठरले होते. वेतननिश्चिती कार्यालयाने केली, सही कार्यालयाची, चूक कार्यालयाची. आणि भरपाई मात्र जिला वेतननिश्चिती हा शब्दही नीट उच्चारता येत नाही तिच्याकडून! त्या बाईंचा भाचा महाविद्यालयात शिकतो. त्याने शोधाच्या चौकटीत इंग्रजीतून 'निवृत्तीनंतर पैसे कापले, अन्याय' अशा अर्थाचे वाक्य टंकले. त्याला पुष्कळ काही मिळाले. कामाचे काहीच मिळाले नाही.

त्याला आम्ही प्रथम संगणक बंद करावयास सांगितले व वही उघडावयास सांगितले. बँकेत दिवसाअखेर रोकड आणि खतावणी जुळली नाही तर जुने जाणते कॅशियर लगेच व्हाउचरांचा गठ्ठा उपसावयास घेत नाहीत. आधी फरकाचा आकडा पाहतात. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कोठेतरी अंक उलटसुलट पडले असण्याचा संभव असतो. ५४ च्या जागी ४५ लिहिले की फरक ९ चा येतो. काय शोधावयाचे ते ठरले की गठ्ठा आपोआप लहान होतो. निवाड्याच्या शोधातही तसेच आहे.

वहीत आम्ही चार रकाने आखले. माणूस कोण, घडले काय, कायद्याचे तत्त्व कोणते, आणि समोरची बाजू काय म्हणेल. पहिल्या रकान्यात 'रिटायर्ड', 'पेन्शनर', 'सुपरॲन्युएटेड', त्याचबरोबर 'क्लास फोर' आणि 'ग्रुप डी' हे शब्द आले, कारण चतुर्थ श्रेणीला निरनिराळ्या काळांत निरनिराळी नावे आहेत. दुसऱ्यात 'एक्सेस पेमेंट', 'ओव्हरपेमेंट', 'राँग फिक्सेशन', 'रिकव्हरी'. तिसरा रकाना भरावयास वेळ लागतो, कारण तेथे आपल्याला न्यायाधीशांच्या जागी बसून विचार करावा लागतो. ही वसुली न्याय्य की अन्याय्य हे ठरविताना न्यायाधीश काय विचारतील? बाईंनी खोटी माहिती दिली होती का? तर शब्द 'मिसरिप्रेझेंटेशन' आणि 'फ्रॉड'. आता वसुली केली तर फार हाल होतील का? तर 'हार्डशिप'. चौथ्या रकान्यात शासकीय वकिलाचे शब्द: पैसा जनतेचा आहे म्हणून 'पब्लिक मनी', आणि जादा आले तर परत करीन असे कर्मचाऱ्याने लिहून दिले असेल तर 'अंडरटेकिंग'. ह्या चौथ्या रकान्याला आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो, त्याचे कारण पुढे येईलच.

एकच शब्द देऊन का भागत नाही, ते 'रिकव्हरी' ह्या शब्दावरून पाहावे. पोलिसांनी पंचनामा करून चाकू हस्तगत केला, तीही न्यायालयाच्या भाषेत रिकव्हरीच. बँकेने थकीत कर्ज वसूल केले, तीही रिकव्हरी. त्यासाठी तर १९९३ च्या कायद्याने निराळी न्यायाधिकरणेच स्थापन झाली. एवढा एकच शब्द दिला तर खुनाचे खटले आणि आमच्या बँकांची कर्जप्रकरणे ह्यांच्याच राशी समोर येतात. म्हणून प्रत्येक रकान्यातून एक-एक शब्द घेऊन तीन-चार शब्दांचा जुडगा करावयाचा: 'रिकव्हरी', 'एक्सेस पेमेंट', 'रिटायर्ड', 'मिसरिप्रेझेंटेशन'. शब्द वाढविला की उत्तरे घटतात. फारच घटली तर एखादा शब्द काढावा किंवा त्याच्या जागी त्याच रकान्यातील दुसरा घालावा. तीनचार वेळा असे उलटसुलट केल्यावर ठराविक निवाड्यांची नावे पुन्हा पुन्हा दिसू लागतात, तेव्हा आपण योग्य गल्लीत आलो असे समजावे.

शब्द जोडण्याची यंत्राची काही चिन्हे असतात. दोन शब्द सलग, त्याच क्रमाने हवे असल्यास ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालतात. हे फार उपयोगी आहे आणि फसवेही आहे. 'एक्सेस पेमेंट' अवतरणात घातले तर 'पेमेंट मेड इन एक्सेस' असे लिहिणाऱ्या न्यायाधीशांचा निवाडा निसटतो. तेव्हा कायद्याची जी संज्ञा घट्ट झालेली आहे तीच अवतरणात घालावी. सैल वाक्प्रचार घालू नयेत. दोहोंपैकी कोणताही शब्द चालेल, अमुक शब्द नको, असेही सांगता येते. 'इंडियन कानून'वर त्यासाठी इंग्रजी 'अँड', 'ऑर', 'नॉट' हे शब्द मोठ्या लिपीत आणि शेवटचे अक्षर दोनदा लिहून द्यावयाचे असतात. म्हणजे 'अँड'मधील डी दोनदा, 'ऑर'मधील आर दोनदा, 'नॉट'मधील टी दोनदा, आणि मागेपुढे मोकळी जागा. साधा 'ऑर' लिहून कित्येक जण बसतात आणि यंत्राला दोष देतात. प्रत्येक संकेतस्थळाची रीत निराळी असते, म्हणून मदतीचे पान पहिल्याच दिवशी वाचावे. नकाराचे चिन्ह जपून वापरावे, हे मात्र सर्वत्र लागू. कर्जप्रकरणे नकोत म्हणून 'डेट' हा शब्द वर्ज्य केला, तर ज्या निवाड्यात तो शब्द ओझरता एकदाच आला आहे असा नेमका हवा असलेला निवाडाही नाहीसा होतो, आणि तो नाहीसा झाला हे आपल्याला कळतही नाही.

त्या भगिनीच्या प्रकरणात ह्या जुडग्यांतून जे नाव वारंवार वर आले ते पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह. नावापुढे कंसात 'व्हाईट वॉशर' असे लिहिलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या अहवालात चुना मारणाऱ्या कामगाराच्या धंद्याचे नाव असे कायमचे कोरले गेले आहे, हे आम्हांला दर वेळी वाचताना विशेष वाटते. परंतु ह्या नावाने शोध घेता दोन निवाडे मिळतात. पहिला ८ जुलै २०१४ चा, तीन न्यायाधीशांच्या पीठाचा. आधीच्या निवाड्यांत परस्परविरोध आहे काय, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देऊन त्यांनी प्रकरण परत पाठविले. दुसरा १८ डिसेंबर २०१४ चा, आणि आपल्याला हवा तो हा. (२०१५) ४ एससीसी ३३४ हा त्याचा संदर्भ. म्हणजे २०१५ सालच्या 'सुप्रीम कोर्ट केसेस'चा चौथा खंड, पृष्ठ ३३४. नाव सारखे पाहून पहिलाच उघडून थांबणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

दुसऱ्या निवाड्यात न्यायालयाने वसुली कायद्याने अमान्य ठरणाऱ्या पाच परिस्थिती सांगितल्या आहेत. तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे कर्मचारी. वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असल्यास. कर्मचाऱ्याकडून चुकीने वरच्या पदाचे काम करवून घेऊन त्याप्रमाणे वेतन दिले असल्यास. आणि वसुली इतकी कठोर व अन्याय्य ठरेल की मालकाच्या वसुलीच्या हक्कापेक्षा तिचे पारडे जड होईल, अशी इतर कोणतीही परिस्थिती. चतुर्थ श्रेणी, निवृत्त, चौदा वर्षे: त्या बाई पहिल्या तिन्ही परिस्थितींत बसतात. भाच्याला एवढा आनंद झाला की तो लगेच अर्ज लिहावयास बसला. आम्ही त्याला चौथ्या रकान्याची आठवण दिली.

आपल्या बाजूचा निवाडा सापडल्यावर काम अर्धेच झालेले असते. 'इंडियन कानून'वर प्रत्येक निवाड्यापाशी, त्याने कोणत्या निवाड्यांचा आधार घेतला आणि पुढे कोणत्या निवाड्यांनी त्याचा उल्लेख केला, हे दोन्ही दिसते. त्यातील दुसरी यादी महत्त्वाची; पण गाजलेल्या निवाड्याची ही यादी संपता संपत नाही. तेव्हा निवाड्याचे नाव आणि 'डिस्टिंग्विश्ड' हा शब्द मिळून शोध घ्यावा. 'तो निवाडा येथे लागू होत नाही, कारण वस्तुस्थिती निराळी आहे,' असे न्यायाधीशांना म्हणावयाचे असते तेव्हा ते हा शब्द लिहितात. त्याबरोबर चौथ्या रकान्यातील 'अंडरटेकिंग' जोडले की पंजाब व हरियाणा उच्च न्यायालय विरुद्ध जगदेव सिंग हा २९ जुलै २०१६ चा निवाडा समोर येतो. तेथे एका न्यायिक अधिकाऱ्याने सुधारित वेतनश्रेणी स्वीकारताना, जादा रक्कम आल्यास परत करीन असे हमीपत्र दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला त्या हमीपत्राने बांधले आणि रफिक मसीहमधील दुसरी परिस्थिती, म्हणजे निवृत्तांची, त्याला लागू नाही असे ठरविले. शासकीय वकील हाच निवाडा घेऊन उभे राहणार, हे उघड आहे. 'पब्लिक मनी' हा शब्द दिला की चंडीप्रसाद उनियाल विरुद्ध उत्तराखंड राज्य हा २०१२ चा निवाडाही येतो. तोही वसुलीच्या बाजूचा.

हे आधी कळल्यामुळे करावयाचे काम ठरले. सेवापुस्तकाची प्रत मागवावी आणि त्यात हमीपत्र आहे का पाहावे. भाच्याने ती मागविली, हमीपत्र नव्हते. असते तरी जगदेव सिंग हे श्रेणीने अधिकारी होते व तेथे चर्चा दुसऱ्या परिस्थितीची झाली, पहिल्या परिस्थितीची नव्हे, असा युक्तिवाद वकिलांना करता आला असता. शोधात २०२२ चा थॉमस डॅनियल विरुद्ध केरळ राज्य हाही मिळाला. निवृत्त शिक्षकाकडून बऱ्याच वर्षांनी मागितलेली वसुली तेथे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण जादा रक्कम त्याच्या लबाडीमुळे नव्हे तर नियमाच्या चुकीच्या अर्थामुळे दिली गेली होती. निवेदन ह्या निवाड्यांसह गेले आहे आणि हे लिहीपर्यंत तरी कपात थांबलेली आहे.

आता स्पेलिंगविषयी. आपली आडनावे इंग्रजीत कशीही लिहिली जातात. कांबळे ह्या आडनावात बी नंतर ए असतो आणि नसतोही. सोनवणेमध्ये डब्ल्यू असतो किंवा व्ही. पक्षकाराच्या नावावरून निवाडा शोधताना दोन्ही रूपे द्यावीत. ब्रिटिश वळणाच्या 'लेबर' शब्दात यू आहे, अमेरिकन वळणात नाही. वतनाच्या जमिनींविषयी ज्यांना शोध घ्यावयाचा आहे त्यांनी 'वतन' हा शब्द डब्ल्यू आणि व्ही अशा दोन्हींनी द्यावा. शिवाय 'महार वतन' एवढेच देऊन भागावयाचे नाही. ज्या कायद्याने ही वतने गेली तो १९५८ चा मुंबई कनिष्ठ गाव-वतने नाहीशी करण्याबाबतचा कायदा. त्याच्या इंग्रजी नावातील 'इन्फिरिअर व्हिलेज वतन' हे शब्द, आणि जमीन पुन्हा देण्यासाठीचा 'रिग्रँट' हा शब्द घातल्याखेरीज नेमके निवाडे हाती येत नाहीत. राज्याच्या अनेक जुन्या कायद्यांच्या नावांतील 'बॉम्बे' जाऊन पुढे 'महाराष्ट्र' आले, म्हणून दोन्ही नावांनी पाहावे. सातबारासाठी 'रेकॉर्ड ऑफ राइट्स', फेरफारासाठी 'म्युटेशन एंट्री', वारसासाठी 'लीगल हेअर' आणि 'लीगल रिप्रेझेंटेटिव्ह' दोन्ही, अनुकंपा नोकरीसाठी 'कम्पॅशनेट अपॉइंटमेंट': अशी एक वही विद्यार्थ्यांनी स्वतः तयार करीत जावी. बाजारात मिळणाऱ्या शब्दकोशापेक्षा निवाडे वाचता वाचता भरलेली वही अधिक कामाची असते.

कायद्याच्या कलमातील मूळ शब्द हा सर्वांत भरवशाचा शोधशब्द होय, कारण कलमाचा अर्थ लावणारा प्रत्येक न्यायाधीश तो शब्द लिहितोच. ह्याचे आपल्या वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसरा परिच्छेद. हिंदूखेरीज अन्य धर्म जो 'प्रोफेस' करतो तो अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. हा 'प्रोफेसेस' शब्द आणि 'बुद्धिझम' असे देऊन शोधले की पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६४ चा निवाडा मिळतो. राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आलेल्या मेश्राम ह्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता, म्हणून ती निवडणूक टिकली नाही. निवाडा सर्वोच्च न्यायालयाचा आहे, विषय नेमका आहे, शब्दही जुळतात; आणि तरीही तो आजच्या प्रकरणात जसाच्या तसा दाखविणे चूक होईल. १९५६ साली त्या परिच्छेदात शीख धर्माचा व १९९० साली बौद्ध धम्माचा समावेश झाला. 'प्रोफेस' करणे म्हणजे काय, ह्यासाठी तो निवाडा आजही वाचण्याजोगा आहे, निकालासाठी नव्हे. म्हणून निवाड्याची तारीख आणि कलमाच्या दुरुस्तीची तारीख शेजारी शेजारी लिहून पाहिल्याखेरीज कोणताही जुना निवाडा पुढे करू नये. तारखेची मर्यादा घालून शोधण्याची सोय बहुतेक संकेतस्थळांवर असते.

हीच अडचण १ जुलै २०२४ पासून फौजदारी बाजूला मोठ्या प्रमाणावर आली आहे. त्या दिवशी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या व कलमांचे आकडे बदलले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्यासाठी वापरला जाणारा उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार. नव्या संहितेत तो कलम ५२८ मध्ये गेला, आणि ४८२ ह्या आकड्यावर आता अटकपूर्व जामीन येऊन बसला आहे. नुसता '४८२' टंकणाऱ्यास दोन्ही प्रकारचे निवाडे मिसळून मिळतात. तेव्हा आकडा एकटा कधीही देऊ नये. त्याच्याबरोबर कायद्याचे नाव आणि 'अँटिसिपेटरी बेल' अथवा 'क्वॉशिंग' असा विषयाचा शब्द द्यावा.

अलीकडे तरुण मंडळी हा सगळा खटाटोप टाळून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रालाच प्रश्न विचारतात. शोधशब्द सुचविण्यासाठी, विशेषतः तिसरा आणि चौथा रकाना भरण्यासाठी, त्याचा उपयोग होतो हे मान्य केले पाहिजे. परंतु निवाड्यांची नावे त्याच्याकडून घेऊ नयेत. न्यूयॉर्कमधील माटा विरुद्ध एव्हियांका ह्या दाव्यात वकिलांनी अशा यंत्राने रचून दिलेले, कधीच न झालेले निवाडे न्यायालयात सादर केले. जून २०२३ मध्ये त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. जे नाव मिळेल ते निवाड्याच्या संकेतस्थळावर उघडून, मूळ परिच्छेद स्वतः वाचूनच पुढे जावे.

वाचतानाही एक सवय लावून घ्यावी. शोधशब्द पिवळा होऊन जेथे उठून दिसतो तेवढाच परिच्छेद वाचून निवाडा कळत नाही. पुष्कळदा तो परिच्छेद वकिलाच्या युक्तिवादाचा असतो आणि न्यायाधीशांनी पुढच्याच पानावर तो फेटाळलेला असतो. आधी वस्तुस्थिती, मग शेवटचा आदेश, आणि नंतर मधला भाग, ह्या क्रमाने वाचल्यास लवकर उमगते.

केलेल्या शोधाची नोंद ठेवावी: तारीख, संकेतस्थळ, दिलेला जुडगा, आणि उघडून पाहिलेले निवाडे, निरुपयोगी ठरलेल्यांसह. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून प्रत्येक निवाड्याला वर्ष, 'आयएनएससी' ही अक्षरे आणि क्रमांक असा स्वतःचा संदर्भ देण्यास सुरुवात केली आहे; तो असल्यास तोच लिहावा, म्हणजे कोणत्याही प्रकाशकाच्या खंडावर अवलंबून राहावे लागत नाही. ही नोंद वकिलांकडे न्यावी. वकील करण्याची ऐपत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्यावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक १५१०० हा आहे. जाताना मूळ पत्र, सेवापुस्तकाची प्रत आणि वहीचे ते चार रकान्यांचे पान, तिन्ही सोबत असू द्यावीत.